काटा कीं दिवा?

मोटार हांकणाऱ्याची दृष्टि रस्त्यावर असावी हें खरें. तथापि त्याच्यासमोरील फळीवर ज्या लहान लहान तबकड्या मांडलेल्या असतात, त्यांचाहि एक इतिहास आहे. यंत्राच्या अंतरंगांत काय चाललें आहे हें चालकाला किती सांगावें आणि कसें सांगावें, हा प्रश्न त्या इतिहासाच्या मुळाशीं आहे.

आरंभींच्या मोटारी ह्या बाबतींत बहुतेक मुक्याच होत्या. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत पेट्रोल किती उरलें हें पाहावयाचें तर आसन उचलून टाकींत काठी बुडवावी लागे. पाणी उकळल्याची वार्ता वाफच आणून देई. पुढें रेडिएटरच्या झांकणावर बॉइसचा उष्णतामापक बसूं लागला, तेव्हां कोठें बसल्या जागेवरून तापमान दिसूं लागलें.

फळीवरील काट्याचा पूर्वज मात्र मोटारीहून वडील आहे. यूझेन बूर्दों ह्या फ्रेंच यंत्रज्ञानें १८४९ सालीं वाफेच्या यंत्रांना उपयोगी असा दाबमापक सिद्ध केला. चपटी करून कमानीसारखी वांकविलेली धातूची नळी आंतील दाब वाढतांच सरळ होऊं पाहते, आणि तिच्या टोकाशीं जोडलेला काटा फिरतो. मोटारींत वंगणाच्या तेलाचा दाब ह्याच तत्त्वावर मोजूं लागले. ह्या मापकाला विजेची अपेक्षा नाहीं. बॅटरी संपली तरी तो खरें बोलतो. परंतु त्यासाठीं इंजिनांतील ऊन तेल बारीक नळीनें फळीपर्यंत आणावें लागतें. ती नळी फुटली तर तेल चालकाच्या पायांवर, आणि इंजिन कोरडें! विजेच्या मापकानें ही भीति दूर केली. तेल जागच्या जागीं राहिलें. आंत आली ती केवळ तार. मात्र काट्याचें खरेंखोटें आतां त्या तारेवर व तिच्या जोडांवर अवलंबून राहिलें.

विजेच्या भरण्याविषयींहि असाच पालट झाला. डायनामोच्या काळांत ॲमीटर असे. त्याचा काटा मध्यावरून एका बाजूस गेला तर भरणा, दुसऱ्या बाजूस गेला तर खर्च. १९६० नंतर अल्टरनेटर रूढ झाला आणि प्रवाह वाढले. एवढा प्रवाह जाड तारांनीं फळीपर्यंत खेळविणें म्हणजे आगीला वाट देणें होय. म्हणून व्होल्टमीटर पुढें आला. इंजिन बंद असतां सुमारें १२.६ आणि चालू असतां १४ च्या आसपास, एवढें पाहिलें कीं बॅटरीची प्रकृति कळते.

दरम्यान, १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या हडसन कंपनीनें तेल व वीज यांच्या काट्यांऐवजीं तांबडे दिवे बसविले. रसिकांनीं त्यांना ‘मूर्खांचे दिवे’ म्हणून हिणविलें. पण हा उपहास सर्वस्वीं न्याय्य नव्हे. ज्या काट्याकडे कोणी पाहत नाहीं तो असून नसल्यासारखाच. दिवा मात्र डोळ्यांत भरतो. त्याचा खरा दोष निराळा आहे. दाब हळूहळू उतरत असतां तो गप्प राहतो आणि अगदीं शेवटल्या घटकेला पेटतो. तेव्हां इंजिन वांचविण्यास कित्येकदां क्षणांचाच अवधि उरतो. शिवाय दिवा स्वतःच निकामी झालेला असूं शकतो. म्हणूनच किल्ली फिरवितांच तो एकवार पेटतो कीं नाहीं, हें पाहावयाचें असतें.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत तर काटा व दिवा हा भेदहि पुसट झाला आहे. उष्णतेचा काटा संगणकाच्या आज्ञेनें मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तापमान बरेंच खालींवर झालें तरी तो ढळत नाहीं. रूप काट्याचें, वागणूक दिव्याची!

तेव्हां निवड करणाऱ्यानें तबकडीच्या शोभेस भुलूं नये. हा काटा प्रत्यक्ष मोजतो कीं केवळ धीर देतो, हें आधीं विचारावें. जुन्या गाडीस तेलाच्या दाबाचा खरा काटा असावा आणि त्याच्या जोडीस दिवाहि असावा. बिघाडाची चाहूल काटा देईल. आपलें लक्ष रस्त्यावर असतां दिवा हांक मारील.