लोकप्रिय चित्रपट आणि तत्त्वज्ञानाचे अध्यापन

चित्रपट हा तत्त्वज्ञानाच्या अध्यापनाचा विषय होऊ शकतो काय, या प्रश्नाचा इतिहास हार्वर्ड विद्यापीठात विशेष स्पष्ट दिसतो. १९१६ साली तेथील प्राध्यापक ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी मूकपटांवर ग्रंथ लिहून, समीपदृश्य हे अवधानाचे व गतकालदर्शन हे स्मृतीचे बाह्य रूप होय, असे प्रतिपादिले. १९६३ साली स्टॅन्ले कॅव्हेल यांनी सौंदर्यशास्त्राच्या चर्चावर्गासाठी चित्रपट हाच विषय निवडला. चित्रपट सर्वांच्या परिचयाचे, आणि प्रमाणभूत टीकेचे दडपण नाही. तेव्हा विद्यार्थ्यांना स्वानुभवावरच विसंबावे लागेल, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु पाहिलेल्या दृश्याचे अचूक वर्णन करणेच दुष्कर ठरले, आणि तो वर्ग त्यांनी स्वतःच असफल मानला.

या अपयशाने त्यांचा शोध थांबला नाही. १९७१ साली ‘द वर्ल्ड व्ह्यूड’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. १९८१ च्या ‘परस्यूट्स ऑफ हॅपिनेस’मध्ये तर १९३४ ते १९४९ या काळातील सात हॉलिवुड सुखात्मिकांचे विवेचन करून, दुरावलेले दांपत्य संवादातून पुन्हा एकत्र येते, त्यात परस्परांच्या स्वीकाराचा नैतिक प्रश्न त्यांनी दाखविला.

यावरून असे दिसते की, कथानकात सिद्धांताचे उदाहरण शोधणे हे अध्यापकाचे दुय्यम कार्य होय. पाहिले ते प्रामाणिकपणे सांगावयास शिकविणे, हे पहिले.