‘जात कहाँ हो’: केसरबाई केरकर आणि आपण

शास्त्रीय संगीत ही ब्राह्मणांची मिरास आहे असे दोघे मानतात. एक ते स्वतः आणि दुसरे आपण. जयंतीच्या बैठकीत डीजे की गायन पार्टी हा वाद शिरपुरात आम्हाला नवा नाही. त्यात कुणी ख्यालाचे, तानपुऱ्याचे नाव काढले की उत्तर ठरलेले असते, “ते त्यांचं आहे, आपलं नाही.” या उत्तराला आमचा विरोध आहे, आणि केसरबाई केरकर हा आमचा पुरावा आहे.

५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेने व्हॉयेजर-१ यान सोडले. पृथ्वीवरच्या माणसांची ओळख म्हणून त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. ग्लेन गूल्ड या पियानोवादकाने वाजवलेला बाख त्यात आहे, बीथोव्हेन आहे आणि भारताचे एकच गाणे आहे, केसरबाईंची भैरवी ‘जात कहाँ हो’. हिंदीत अर्थ साधा, कुठे निघालास. मराठी डोळ्यांना मात्र पहिल्याच शब्दात वेगळा प्रश्न दिसतो, आणि आम्हाला तोच विचारायचा आहे. यान सुटल्यावर अकराव्या दिवशी केसरबाई गेल्या.

त्यांचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यात, फोंड्याजवळच्या केरी गावी, देवळाच्या सेवेला जखडलेल्या कलावंत समाजात झाला. लग्नाचा हक्क नाही, नाचगाण्याची सक्ती आणि वर यजमानाची मर्जी, हा धर्माने लावून दिलेला बंदोबस्त. आज त्यांच्याविषयी लिहिताना ‘घरात संगीताचा वारसा होता’ एवढ्यावर भागवले जाते. वारसा म्हणे!

लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ, मग रामकृष्णबुवा वझे, मुंबईत बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. तालीम तुटक तुटक मिळाली. अखेर १९२१ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांनी शिष्या केले आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी स्वतःला गाळून घेतले.

हे खाँसाहेब कुणाच्या दरबारात गात होते? शाहू महाराजांच्या. १९०२ मध्ये मागासांसाठी निम्म्या जागा राखणारा, १९२० मध्ये माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या पाठीशी उभा राहणारा राजाच जयपूर-अत्रौली गायकीचा पोशिंदा होता. महाराज १९२२ मध्ये गेले आणि खाँसाहेब मुंबईत आले. या घराण्याचे गोडवे गाणारे शाहूंचे नाव घाईत उरकतात. खाँसाहेबांचे पूर्वज शांडिल्य गोत्राचे ब्राह्मण होते, ही कथा मात्र चवीने सांगतात. मुसलमानाच्या गळ्यालाही गोत्राचा दाखला लागतो!

कलकत्त्यात ‘सूरश्री’ पदवी, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी, १९६९ मध्ये पद्मभूषण. बिदागीत त्या तडजोड करत नसत, ध्वनिमुद्रणे मोजकीच केली आणि साठच्या दशकात स्वतःहून मैफली थांबवल्या. लोक याला गर्विष्ठपणा म्हणत. जिच्या समाजातल्या बाईला नको म्हणण्याचा अधिकारच नव्हता, तिने नको म्हटले तर तो गर्व कसा?

इथे आपल्यातले काही जण बाबासाहेबांचा दाखला देतात. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्यांना त्यांनी ते जिणे सोडा असे बजावले होते. बरोबर आहे. पण त्यांनी गाणे सोडायला सांगितले, असा अर्थ आम्ही काढत नाही. त्याच काळात आंबेडकरी जलसे गावोगाव गात होते. गोव्यातल्या कलावंत समाजाने वेगळी वाट धरली. गोमंतक मराठा समाज हे नवे नाव घेतले, मुली शिकवल्या. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर याच समाजाचे. ही झेप मोठीच, पण त्यांनी एका जातीऐवजी दुसऱ्या जातीचे नाव घेतले, जातच सोडली नाही. तिथे आमचे पटत नाही.

केसरबाईंनी फारशा शिष्या केल्या नाहीत. त्यांची गायकी धोंडूताई कुलकर्णींनी पुढे नेली. म्हणजे देवदासीच्या घरातून निघालेले गाणे कुलकर्ण्यांच्या घरी पोचले, आपल्या वस्तीत नाही. धोंडूताईंच्या कष्टांवर आमचा आक्षेप नाही. पण तालीम म्हणजे रोजचे कित्येक तास, जुळलेले तानपुरे, तबल्याची साथ आणि पोटाची काळजी नसलेली आठ-दहा वर्षे. खाँसाहेबांना हे शाहूंनी दिले, केसरबाईंना मुंबईतल्या धनिकांनी. शिरपूरच्या वस्तीतल्या, सुरात भीमगीत गाणाऱ्या पोरीला ते कोण देणार? जयंतीच्या वर्गणीतून एका तानपुऱ्याचे पैसे निघतात का, हे मंडळांनी यंदा हिशेब मांडताना बघावे.