द विंड इन द विलोज

द विंड इन द विलोज ही केनेथ ग्रॅहम (१८५९–१९३२) या ब्रिटिश लेखकाची बालकादंबरी आहे. ती १९०८ मध्ये लंडनच्या मेथ्युएन या संस्थेने प्रकाशित केली. नदीकाठच्या चार प्राण्यांच्या मैत्रीची ही बारा प्रकरणांची कथा इंग्लिश बालसाहित्यात अभिजात मानली जाते.

पार्श्वभूमी

ग्रॅहम पाच वर्षांचे असताना त्यांची आई वारली. त्यानंतर ही भावंडे थेम्स नदीजवळील कुकम डीन या गावी आजीकडे वाढली. ऑक्सफर्डला शिकण्याची ग्रॅहम यांची इच्छा अपुरी राहिली. १८७९ मध्ये ते बँक ऑफ इंग्लंडमध्ये नोकरीस लागले आणि १८९८ मध्ये बँकेचे सचिव झाले. मुलगा अ‍ॅलिस्टर (जन्म १९००) याला रात्री सांगितलेल्या गोष्टी आणि १९०७ मध्ये लिहिलेली पत्रे यांतून ही कादंबरी आकारास आली.

कथानक

जमिनीखाली बीळ करून राहणारा मोल घराची साफसफाई अर्धवट टाकून बाहेर पडतो. नदीवर त्याची पाणउंदराशी मैत्री होते. रानात राहणारा एकांतप्रिय बॅजर आणि श्रीमंत, बढाईखोर बेडूक हे त्यांचे अन्य मित्र. मोटारींच्या वेडापायी बेडूक मोटार चोरतो. त्याला वीस वर्षांची कैद होते. धोबिणीच्या वेषात तो तुरुंगातून निसटतो. दरम्यान रानातील प्राणी त्याचा वाडा बळकावतात. चौघे मित्र भुयारातून आत शिरून तो परत मिळवतात.

आशय

पंचतंत्राच्या ‘मित्रसंप्राप्ति’ या तंत्रातही कावळा, उंदीर, कासव व हरीण हे मित्र परस्परांना संकटातून सोडवतात. तेथे भर नीतिबोधावर आहे. ग्रॅहम यांच्या कादंबरीचा गाभा घराची ओढ आणि भटकण्याचा मोह यांतील ताण हा आहे. हिवाळ्यातील एका रात्री मोलला आपल्या जुन्या बिळाचा वास येतो व त्याला रडू कोसळते. पाणउंदीर त्याच्यासोबत मागे फिरतो आणि त्या साध्या घराचे मनापासून कौतुक करतो. पुढे पाणउंदरालाच दूर देशांची भुरळ पडते, तेव्हा मोल त्याला सावरतो. बालपणीच घराला पारखे झालेल्या लेखकाने मैत्रीची कसोटी अशी घराशी जोडली आहे.

प्रभाव

ए. ए. मिल्न यांनी या कादंबरीवरून ‘टोड ऑफ टोड हॉल’ (१९२९) हे नाटक लिहिले. १९३१ च्या आवृत्तीतील ई. एच. शेपर्ड यांची चित्रे विशेष गाजली. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाने १९६७ मधील आपल्या पहिल्या अल्बमला कादंबरीच्या सातव्या प्रकरणाचे नाव दिले.