बिनकामाची सायकल

इंग्रज माणूस सुट्टीच्या दिवशी काय करील, याचा नेम नाही. आठवडाभर कचेरीत बसून दमलेला हा गृहस्थ रविवारी सकाळी सायकलवर बसतो, तीस मैल घाम गाळतो, कुठल्याशा खेड्यात चहा पितो आणि पुन्हा तीस मैल घाम गाळून घरी येतो. 'काय काम होतं हो तिकडे?' असं विचारलं तर म्हणतो, 'काही नाही.' काही काम नसताना सायकल हाणण्याच्या या उद्योगाला 'सायकल टूरिंग' म्हणतात. आणि त्याला चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे!

१८७८ साली इंग्लंडातल्या हॅरोगेट गावी काही हौशी मंडळींनी 'बायसिकल टूरिंग क्लब' काढला. तेव्हाची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीला लागेल एवढं चाक आणि मागे नैवेद्याच्या ताटाएवढं. वाटेत दगड आला की स्वार थेट डोक्यावर. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाकं सारखी करून मागच्या चाकाला साखळी जोडली. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेलं रबर बसवलं. डॉक्टर गुरांचा, पण बसणाऱ्यांच्या हाडांवर त्याचे उपकार फार झाले.

पुढे सायकली स्वस्त झाल्या, आणि खरी गंमत इथून सुरू झाली. उमरावांना घोडागाडी होतीच. सायकलवर आला तो कारकून, मास्तर, दुकानातला गुमास्ता. एच. जी. वेल्सने १८९६ साली सायकलवर एक कादंबरी लिहिली, तिचा नायक कापडाच्या दुकानातला नोकरच आहे. वर्षाची दहा दिवसांची रजा मिळताच हा प्राणी सायकल घेऊन दक्षिण इंग्लंडच्या टेकड्यांत निघतो. एरवी गजाने कापड मोजणारा माणूस दहा दिवस मैल मोजतो!

१८९९ पर्यंत या क्लबाचे सभासद साठ हजारांवर गेले. क्लबाने पसंत केलेल्या खाणावळींवर पंख लावलेल्या चाकाची पाटी लागे आणि सभासदांना दर कमी पडे. उभ्या उतारांवर 'टेकडी धोक्याची आहे' अशा पाट्या लावण्याचं पुण्यकर्मही सायकलवाल्यांनीच केलं. लंडनजवळच्या रिपली गावात 'अँकर' नावाची खानावळ होती. ती चालवणाऱ्या बहिणींनी दमल्याभागल्या सायकलवाल्यांना इतकं प्रेमाने खाऊ घातलं, की त्यांतली एक वारल्यावर सायकलवाल्यांनी तिच्या आठवणीसाठी गावच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसवली. आपल्याकडे चहावाल्याची आठवण राहते ती उधारीच्या वहीमुळे.

आता हे सगळं वाचून गोंदियाच्या माणसाला वाटणारच, की आपल्याकडे काय कमी आहे? तिकडे लाटांसारख्या टेकड्या, इकडे दरेकसाचे डोंगर. तिकडे खेड्याखेड्यातलं डबकं आणि त्यात चार बदकं, तर इकडे गावोगाव मामा तलाव. हा मामा कुणाच्या आईचा भाऊ नव्हे बरं का! 'माजी मालगुजारी'चं हे लघुरूप. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, मालगुजार माजी झाले आणि तलाव मामा झाले. महाराष्ट्रात सारस पक्षी पाहायचा तर याच मुलखात यावं लागतं. आणि नवेगावबांधचा तलाव? जवळजवळ ११ चौरस किलोमीटरचं पाणी, भोवती 'सात बहिणी' नावाच्या टेकड्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने तो बांधला आणि लोकांनी त्याला कोलासूर म्हणून देवच करून टाकला. रिपलीच्या बाईंना खिडकी मिळाली, आमच्या पाटलांना थेट देवपण. तुलना संपली.

म्हणजे वाट आहे, टेकड्या आहेत, पाणी आहे. गोंदियाहून गोरेगाव, कोहमारा करत नवेगावबांध साठ-पासष्ट किलोमीटर. किंवा पूर्वेला आमगाव, सालेकसा करत दरेकसा, तिथे हाजरा धबधबा. इंग्रज असता तर त्याने नकाशा काढून पाट्या लावल्या असत्या. अडचण एकच. आपल्या गावातून माणूस बिनकामाचा जाऊ शकत नाही.

'कुठं चालले जी?'

'कुठं नाही जी, सहज.'

'सहज? कोणाकडे पाहुणपणाला?'

'नाही, नुसतंच.'

मग थोडा वेळ शांतता. मग अत्यंत कळवळ्याने, 'घरी सगळं ठीक आहे ना जी?'

यात त्या माणसाचं काही चुकत नाही. त्याने सायकल पाहिली ती कामाचीच. रेल्वे गोंदियाला आली ती १८८०च्या दशकात, म्हणजे स्टार्लीची सायकल आणि आमची आगगाडी एकाच दशकातल्या. मागून याच रुळांनी रॅले, हंबर, हर्क्युलिस अशी विलायती मंडळी पार्सलातून देशभर पसरली. पण इंग्रजाची सहलीची सखी इथे उतरली आणि दुसऱ्या दिवसापासून हमाल झाली. कॅरियरवर धानाचं पोतं, हँडलला दुधाच्या बरण्या, नळीवर बायको, बायकोच्या मांडीवर पोर. तेंदूपत्त्याचे पुडे फडीवर नेले ते सायकलने. घरी वळलेल्या विड्या कारखान्यात पोचवल्या त्या सायकलने. स्टार्लीच्या पठडीतला तो चौकोनी सांगाडा मजबुतीसाठी होता. आमच्या पोरांनी त्यातून पाय घालून 'कैची' शोधून काढली. सीटवर न बसता सायकल चालवण्याची ही विद्या इंग्लंडच्या कुठल्याही क्लबाला सुचली नाही.

१९५१ साली सोनिपतला अॅटलास, १९५६ साली लुधियान्याला हीरो निघाली आणि लग्नात जावयाला घड्याळाबरोबर सायकल मिळू लागली. त्यातल्या अॅटलासने २०२० साली ३ जून रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, आपला उरलासुरला साहिबाबादचा कारखाना बंद केला. मुहूर्त काढणाऱ्या भटजीला दक्षिणाच द्यायला हवी.

रस्त्याचीही अशीच कथा. १८८६ साली इंग्लंडातल्या सायकलवाल्यांनी 'रस्ते सुधारा' म्हणून संस्था काढली, भांडले, पत्रकं काढली. रस्ते सुधारले आणि त्यांवर मोटारी आल्या. सायकलवाला कडेला! आमच्या जिल्ह्यात तर एका गावाचं नावच सडक अर्जुनी आहे. दुसरी अर्जुनी मोरगावची, ही सडकेची. नागपूरहून रायपूरला जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड इथूनच जातो. तो पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला, आता ५३ आहे. क्रमांक वाढला, रुंदी वाढली, ट्रकांचा वेग वाढला. ज्या गावाने सडकेला आपल्या नावात घेतलं, त्या गावच्या सायकलवाल्याला सडकेने मात्र वीतभर कड तेवढी ठेवली. तीही पावसाळ्यात चिखलाची.

तेव्हा बिनकामाची सायकल गोंदियाच्या नशिबी नाही, असंच म्हणावं लागेल? थांबा. महाराष्ट्र सरकारने २०११ पासून मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल, लांब असेल तर निळी एसटी. सरकारी कागदात या सायकलीचा हेतू स्पष्ट आहे: घर ते शाळा, शाळा ते घर. मधल्या भागाविषयी शासन गप्प आहे. आणि ते बरंच झालं.

कारण शाळा सुटल्यावर देवरी-सालेकशाकडच्या एखाद्या वाटेवर उभं राहून पाहा. पाचसहा पोरी दप्तरं कॅरियरला लावून रांगेत येतात. सरळ रस्ता उजवीकडे असतो, त्या डावीकडे वळतात. तलावाच्या पाळीवरून लांबचा फेरा. तिथे एक पाय टेकवून घटकाभर बोलायचं, पाणकोंबड्या बघायच्या, मग उतारावर पॅडल सोडून द्यायचं. ज्यांच्या आईला एकटीने गावची शीव ओलांडायची तर कारण सांगावं लागे, त्या पोरींना आता निदान दहा मिनिटं तरी कारण सांगावं लागत नाही.

वेल्सच्या गुमास्त्याला वर्षातून दहा दिवस मिळत होते. यांना रोजची दहा मिनिटं मिळतात. हिशेब केलात तर शाळेच्या वर्षात तीही बरीच साठतात. शिवाय त्यांना क्लबाची वर्गणी नाही आणि पंखवाल्या चाकाची पाटीही लागत नाही. घरी पोचल्यावर आई विचारते, 'उशीर का गं झाला?'

'काही नाही,' पोरगी म्हणते.

अगदी इंग्रजासारखं.