अमौसी : एका स्थानकनामाचा इतिहास

लखनौच्या नैर्ऋत्येस असलेल्या अमौसी मेट्रो स्थानकाचा इतिहास अल्प आहे. परंतु स्थलनामांच्या अभ्यासकास तो दुर्लक्षून चालणार नाही. कानपूरच्या लोहमार्गावरील स्थानकाने हे ग्रामनाम रेल्वेच्या वेळापत्रकात नेले, तर विमानतळाने ते दूरवर पोहोचविले. २००८ साली विमानतळास चौधरी चरणसिंह यांचे नाव देण्यात आले व गावाचे नाव मागे पडले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी मेट्रोचे उद्घाटन झाले, तेव्हा चारबागहून निघालेली गाडी ट्रान्सपोर्ट नगरपर्यंतच येई. अमौसी त्याच्या पुढे राहिले. मार्च २०१९ मध्ये विमानतळ ते मुन्शीपुलिया हा सुमारे २३ किलोमीटरचा, २१ स्थानकांचा मार्ग पूर्ण झाला. त्यात विमानतळाचे स्थानक भूमिगत आहे, लगतचे अमौसी मात्र खांबांवर उभे आहे. विमानतळावरून उतरविलेले नाव असे शेजारच्याच पाटीवर परत आले. मुंबईत १९९६ साली व्हिक्टोरिया टर्मिनसचे नामांतर झाले, तेव्हा एका गौरवनामाची जागा दुसऱ्या गौरवनामाने घेतली. येथे गौरवनामाने ग्रामनाम हटविले होते. ह्या दोन्ही घटना ‘नामांतर’ ह्या एकाच सदरात घालणे मला तरी युक्त वाटत नाही. बोलण्यात, अर्थात, अनेक लखनौकरांचा विमानतळ अजूनही ‘अमौसी’च आहे.