मेकअपआधीचं पॉलिश : मायक्रोडर्माब्रेजनची कुळकथा

लग्नसराईत कुठल्याही बऱ्या पार्लरचं दरपत्रक उघडा. ब्रायडल पॅकेजात 'स्किन पॉलिशिंग', 'डायमंड पॉलिशिंग' किंवा असंच काहीतरी नाव हमखास सापडतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात त्यालाच मायक्रोडर्माब्रेजन म्हणतात. मेकअप करणाऱ्या मुली सांगतात, "ताई, आधी हे करून घ्या, मग फाउंडेशन कसं बसतं बघा." त्यांचं म्हणणं खरं आहे. पण हे तंत्र मेकअपसाठी जन्माला आलेलं नाही. चेहऱ्यावरचे वण घालवायला ते निघालं आणि त्या कामात बेताचंच ठरलं. ज्या कामात त्याने नाव काढलं, ते त्याच्या वाट्याला मागाहून आलं. त्याचं कुळ शोधत गेलं तर दोन घराणी भेटतात. एक न्हाणीघरातलं, दुसरं शस्त्रक्रियेच्या टेबलावरचं.

न्हाणीघराचं घराणं फार जुनं. इसवी सनापूर्वी 1550च्या सुमाराचा एक इजिप्शियन वैद्यकीय पपायरस गेऑर्ग एबर्स या जर्मन अभ्यासकाने 1873च्या सुमारास लक्सरला विकत घेतला. तो आज लाइपझिश विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. शेकडो औषधी पाठांमध्ये त्यात अंगाची कांती सुधारण्याचाही एक पाठ आहे : अलाबास्टर दगडाची भुकटी, नेट्रॉन नावाचा खार, मीठ आणि मध. भुकटी घासते, खार मळ सुटा करतो आणि मध सगळं एकत्र धरून ठेवतो. आजच्या फेस स्क्रबची घडण याहून फारशी वेगळी नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, 24व्या अध्यायात, उद्वर्तन, उत्सादन आणि उद्घर्षण असे अंग चोळण्याचे वेगवेगळे प्रकार दिले आहेत. उद्घर्षण म्हणजे सरळ घासणं. त्यासाठी चक्क वीट सांगितली आहे आणि खाज, अंगावर उठणाऱ्या गांधी यांवर तिचा उपयोग दिला आहे. दिवाळीत पहाटे आपण लावतो ते उटणं उद्वर्तनाच्याच वंशातलं. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची वाळवलेली साल हे सगळं वस्त्रगाळ करायचं, कारण जाड कण अंगाला ओरखडे काढतो. टाचेसाठी मात्र उटणं कुणी वापरत नसे, तिथे वज्री लागे. पितळेची किंवा लोखंडाची, वर मूठ आणि खालच्या बाजूला खाचा पाडलेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वस्तूंमध्ये अशा जुन्या वज्री जपलेल्या आहेत. त्या पाहताना मला कारागिरीइतकंच त्यांच्या खाचांचं अप्रूप वाटतं. टाचेला वज्री, अंगाला उटणं आणि चेहऱ्याला दुधात कालवलेलं मसूर डाळीचं पीठ, हा क्रम काही उगाच पडलेला नाही. जागा बघून कण निवडायचा हे शहाणपण त्यात आहे आणि पुढे या यंत्राची सगळी मदार त्यावरच राहिली.

दुसरं घराणं रक्ताचं आहे. एर्न्स्ट क्रोमायर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने 1905मध्ये मुरुमांचे वण आणि डाग काढण्यासाठी फिरती पाती आणि कानशी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. ही अवजारं दंतवैद्याच्या मोटरवर चालत. त्वचेत किती खोल गेलं तर वण उमटत नाही आणि कुठली सीमा ओलांडली की उमटतोच, हा त्याचा खरा अभ्यास. पुढे 1947मध्ये प्रेस्टन आयव्हर्सन या अमेरिकी शल्यविशारदाने अपघातात चेहऱ्यात रुतून बसलेले काळे कण काढायला सुतारकामातला पॉलिश पेपर घेतला. अर्थात निर्जंतुक करून.

या पद्धतीला खरी चाल मिळाली ती न्यू यॉर्कच्या अ‍ॅब्नर कर्टिन यांच्यामुळे. 1953मध्ये त्यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. गालावर इथिल क्लोराइडचा फवारा मारून कातडी गोठवायची, म्हणजे ती बधिर होते आणि कडक होऊन जागची हलतही नाही. मग वेगाने फिरणारा तारेचा ब्रश तिच्यावरून न्यायचा. बारीक बारीक रक्ताचे ठिपके उमटले की वरचा थर पार करून आपण खालच्या थरात पोचलो, असं समजायचं. जखम भरायला आठवडा-दहा दिवस लागत, लाली त्यानंतरही कितीतरी दिवस टिके. गोऱ्या कातडीवर हे जमून जाई. सावळ्या आणि काळ्या कातडीवर मात्र जखमेच्या जागी काळसर डाग पडत किंवा रंग उडून पांढरे चट्टे येत. डर्माब्रेजन म्हणतात ते हेच. 'मायक्रो' हे उपपद त्याला पुढे लागलं आणि ते लागण्यासाठी घासायची रीतच बदलावी लागली.

ती नवी रीत कारखान्यांत आधीपासून होती. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन याने 1870मध्ये वाळूच्या झोताने काच, दगड आणि धातू खरवडण्याचं पेटंट घेतलं. सँडब्लास्टिंग म्हणतो ते हेच. 1940च्या दशकात टेक्ससमधले दंतवैद्य रॉबर्ट ब्लॅक यांनी दातातली कीड कोरायला हीच युक्ती लावली. वाळूऐवजी त्यांनी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी घेतली आणि 1951मध्ये त्यावर आधारलेलं 'एअरडेंट' नावाचं यंत्र बाजारात आलं. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे आपला कुरुंद. धार लावणाऱ्याच्या चाकातला, जवाहिऱ्याच्या सहाणेतला. त्यात क्रोमियमचा अंश आला की माणिक होतं, लोह आणि टायटॅनियम आलं की नीलम. मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर तो 9 वर बसतो, त्याच्यावर फक्त हिरा. शिवाय तो शरीरातल्या कशाशी सहसा रासायनिक क्रिया करत नाही, आणि त्याचे स्फटिक फुटले तरी त्यांच्या कडा धारदारच राहतात. त्वचेसाठी पुढे तोच निवडला गेला यात नवल नाही.

1985मध्ये इटलीत मारिनी आणि लो ब्रुत्तो यांनी हे सगळं एका बंद नळीत बसवलं. हातात धरायच्या दांडीच्या टोकाला एक छोटं भोक असतं. ते गालावर टेकवलं की पंपाची ओढ कातडीला किंचित वर खेचते. एका नळीतून स्फटिक येऊन तिच्यावर आदळतात आणि दुसऱ्या नळीतून ते स्फटिक आणि सुटलेल्या मृत पेशी मागच्या बरणीत जातात. दांडी कातडीवरून उचलली की ओढ तुटते आणि झोतही थांबतो. यातली हुशारी मला या शेवटच्या गोष्टीत दिसते. आधीच्या अवजारांना किती खोल जायचं ते वैद्याच्या हातावर सोडलेलं होतं. इथे ओढीचा जोर, स्फटिकांचं प्रमाण आणि हात किती वेळा फिरवायचा, यांवर ती खोली बांधून घालता आली.

आणि ती खोली अगदी थोडी. चेहऱ्यावर सर्वांत वर मृत पेशींचा जो थर असतो, स्ट्रॅटम कॉर्नियम, त्याची जाडी साधारण 10 ते 20 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी कमी. तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुणपणी सुमारे चार आठवडे लागतात, वय वाढतं तसा हा काळ लांबतो. पेशी वेळेवर गळल्या नाहीत की थर असमान होतो. यंत्र बहुतेक वेळा तेवढाच थर खरवडतं. म्हणून रक्त नाही, भूल नाही, आणि तासाभराने माणूस कामाला जाऊ शकतो.

पण वण असतो खालच्या थरात. तैवानमधल्या डॉक्टरांनी 1995मध्ये चेहऱ्यावर वण असलेल्या 41 रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. सुधारणा झाली, पण सरासरी नऊ बैठकांनंतर, आणि मुरुमांच्या खड्ड्यांना पंधराच्या आसपास बैठका लागल्या. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009मध्ये दाखवलं की नवं कोलॅजन तयार व्हावं इतका परिणाम साधायचा तर जाड दाण्याची हिऱ्याची टिप जोर लावून फिरवावी लागते. पार्लरमधल्या हलक्या हाताकडून ती अपेक्षा धरू नये. खोल खड्डे, जुने वांग आणि सुरकुत्या एका पॅकेजात घालवून देतो असं कुणी म्हणालं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्यासाठी लेसर आहे, सुयांचं तंत्र आहे, आणि ते त्वचारोगतज्ज्ञाचं काम आहे.

पार्लरपर्यंत हे यंत्र पोचलं ते अमेरिकेतून. तिथल्या नियामकांनी त्याला सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात ठेवलं. साहजिकच 1990च्या दशकाच्या अखेरीपासून ते डॉक्टरांइतकंच सौंदर्यतज्ज्ञांच्याही हाती गेलं. सुटे स्फटिक मात्र त्रासाचे होते. ते डोळ्यांत जात, श्वासात येत, केसांच्या मुळाशी अडकून राहत. म्हणून टोकालाच हिऱ्याचा चुरा बसवलेल्या टिपा आल्या. झोत गेला, ओढ राहिली. आपल्याकडच्या 'डायमंड पॉलिशिंग'मधला डायमंड तो हाच.

मेकअपशी त्याची गाठ पडली ती कॅमेऱ्यामुळे, असं माझं मत आहे. रंगभूमीवरचा रंग जाड असे. समोरची पहिली रांगसुद्धा दोन-चार हात लांब, त्यामुळे कातडीचा पोत कुणाला दिसत नसे. टेक्निकलर सिनेमात तेलकट ग्रीसपेंट चमकू लागला, तेव्हा मॅक्स फॅक्टरच्या कंपनीने 1937च्या सुमाराला पॅन-केक आणला. तो पातळ आणि चमक घालवणारा होता, तरी झाकण्याची ताकद त्याच्यात पुरेशी होती. हाय डेफिनिशन कॅमेरा आल्यावर तेवढाही थर जाड दिसू लागला. एचडी फाउंडेशन, एअरब्रश हे सगळे त्या पुढचे, आणखी विरळ रंग. रंग जसजसा विरळ झाला, तसतसं खालचं काही लपेना. भिंतीला रंग देण्याआधी रंगारी लांबीवरून पॉलिश पेपर फिरवतो, ती गरज आता चेहऱ्याला पडली.

जवळून बघा. नाकाच्या कडेला, हनुवटीवर आणि भुवयांच्या मध्ये कोरड्या पेशींचे पापुद्रे अर्धे सुटून उभे असतात. फाउंडेशनमधलं रंगद्रव्य त्यांच्या कडांना जाऊन चिकटतं आणि त्यांच्यामधल्या भेगांत साठतं. पापुद्रा मेकअपमधलं पाणी शोषून घेतो, मागे रंग राहतो, आणि दोन तासांत तिथे पिठासारखे डाग दिसू लागतात. कितीही ब्लेंड करा, स्पंज फिरवला की पापुद्रा आणखी सुटतो. पॉलिशिंग झालेल्या गालावर हे होत नाही. बाई दोन बोटांनी कातडी ताणून धरते, दांडी आतून बाहेर एकेकदाच नेते, हलकी चिमटी बसल्यासारखं होतं, आणि काम संपल्यावर फिल्टरमधला कापूस दाखवते. त्यावर करडी-पांढरी भुकटी जमलेली असते. ती भुकटी म्हणजे आपल्याच मृत पेशी. त्यानंतर मॉइश्चरायझर सारखं जिरतं, फाउंडेशनही कमी लागतं.

एवढंच त्याचं काम आहे आणि ते ते चोख करतं. मला त्यात काही उणं वाटत नाही. खोल जायचं सोडलं म्हणूनच ते आपल्यासारख्या सावळ्या कातडीला चालण्याजोगं झालं. पण चालण्याजोगं म्हणजे निर्धोक नव्हे. जोर जास्त लागला, हात तिथल्या तिथे पुन्हा पुन्हा फिरला आणि वर ऊन लागलं, तर आपल्या कातडीवर तपकिरी डाग उठतात आणि ते जायला महिने घेतात.

म्हणून लग्न ठरलेल्या मुलींना आणि मुलांनाही कळकळीने सांगणं आहे. पहिली बैठक लग्नाच्या आठवड्यात घेऊ नका, दोन महिने आधी एकदा करून कातडी काय म्हणते ते बघा. शेवटची बैठक हळदीच्या किमान आठवडाभर आधी उरका, कारण ताज्या खरवडलेल्या गालावर हळद चोळली तर ती झोंबते. चेहऱ्यावर पिकलेले मुरूम किंवा ओठाशी नागीण-तापाच्या पुळ्या असतील तर थांबा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या किंवा रेटिनॉइडची क्रीम चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नका. बैठकीनंतर सनस्क्रीन रोज लावा आणि घरचा कुठलाही स्क्रब निदान आठवडाभर कपाटातच ठेवा. आणि टिप चेहऱ्याला लागण्याआधी ती निर्जंतुक केली आहे का, हे तोंडाने विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर उठून या.