समुद्रावरून आलेली मदत
१९७१ चे युद्ध आणि ‘विक्रांत’ची विमाने

वास्कोहून बोगमाळोकडे जाताना नौदलाचे विमान संग्रहालय लागते. तिथल्या जुन्या विमानांत एकट्या वैमानिकाचे छोटे जेट ‘सी हॉक’ आहे आणि तिघांनी मिळून चालवायचे, पुढे पंखा असलेले ‘अलिझे’ही आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तिकडे नेतो, मुलांचे फोटो काढतो. ही विमाने ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरची, हे फलकावरून कळते. पण समुद्रात तरंगणाऱ्या नौकेवरच्या विमानांनी जमिनीवर लढणाऱ्या जवानाला नेमकी काय मदत केली, याचे उत्तर फलकावर मावणारे नाही.

‘विक्रांत’ मार्च १९६१ मध्ये आपल्या नौदलात आली. त्याच डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी ती आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात होती, पण तिच्या विमानांनी गोव्यावर बॉम्ब टाकले नाहीत. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते पुण्याहून आलेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी. १९६५ च्या युद्धात ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी गोदीत अडकली होती. एवढी महागडी नौका पोसायची कशाला, असे लोक विचारू लागले होते.

१९७१ साल उजाडले तेव्हा तर तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता. बॉयलर अधू म्हणजे वेग कमी, आणि विमानवाहू नौकेला वेग कमी पडून चालत नाही. तिच्यावरची धावपट्टी आखूड असते. विमानाला उडवण्यासाठी वाफेच्या जोरावर चालणारा कॅटापल्ट असतो, तो विमानाला गोफणीतल्या दगडासारखा पुढे फेकतो. पण तेवढ्याने भागत नाही. नौकेने वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने धावावे लागते, तेव्हा कुठे समोरून पुरेसा वारा मिळतो. डिसेंबरात बंगालच्या उपसागरावर वारा मंदच असतो. बॉम्ब लादलेले जड अलिझे अशा वेळी उडवणे म्हणजे जिवावरचा खेळ.

नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांच्यापुढे सोपा मार्ग होता: नौका बंदरात सुरक्षित ठेवायची. त्यांनी तो घेतला नाही. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली ‘विक्रांत’ पूर्वेकडे गेली आणि अंदमानच्या आडोशाला थांबली. तिच्या मागावर आलेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली.

४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर पहिला हल्ला केला. त्याच दिवशी चितगावची पाळी आली. पुढच्या दिवसांत खुलना, चालना, मोंगला ही नदीमुखाशी असलेली बंदरेही तडाख्यात सापडली. सी हॉकमध्ये २० मिलिमीटरच्या चार तोफा, शिवाय पंखांखाली रॉकेटे किंवा ५०० पौंडांचे, म्हणजे सव्वादोनशे किलोंचे बॉम्ब. दिवसा सी हॉक जात, रात्री अलिझे. अलिझे खरे तर पाणबुड्या शोधण्यासाठी घेतलेले विमान. त्यालाही या युद्धात बॉम्ब वाहावे लागले. सी हॉकच्या तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता आणि कॅप्टन स्वराज प्रकाश या दोघांनाही पुढे महावीर चक्र मिळाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यातला एकही बॉम्ब आपल्या पायदळाच्या शंभर-दोनशे मीटर पुढे पडत नव्हता. मेघना नदी ओलांडणाऱ्या जवानांना ‘विक्रांत’ची विमाने डोक्यावर दिसलीही नसतील, त्या आघाडीवर हवाई दल होते. नौदलाच्या विमानांनी मागचे दार बंद केले. धावपट्ट्या उखडल्या, बंदरातली जहाजे निकामी झाली. समुद्रमार्गे पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला ना नवी कुमक येऊ शकली, ना दारूगोळा. आणि माघार घेऊन समुद्राकडे पळायची वाटही उरली नाही. ढाक्यात बसलेल्या सेनापतीला हे कळत होते. १६ डिसेंबरच्या शरणागतीमागे रणांगणावरच्या पराक्रमाइतकाच या कोंडीचाही वाटा होता. सैनिकाला मिळालेली काही मदत त्याच्या डोळ्यांना कधीच दिसत नाही, ती अशी.

पण मग आपल्या माणसांच्या अगदी जवळ बॉम्ब टाकणे इतके अवघड का मानतात? त्याचे उत्तरही त्याच नद्यांच्या मुलखात, त्याच आठवड्यात मिळाले. ही गोष्ट कमी सांगितली जाते.

१० डिसेंबरला मोंगलाहून खुलन्याकडे नदीतून एक छोटा ताफा निघाला होता. त्यात आपली गस्ती नौका ‘पनवेल’ होती आणि मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ व ‘पलाश’ या तोफनौका होत्या. ताफ्याचे नेतृत्व कमांडर एम. एन. सामंत यांच्याकडे होते. नौकेचे आणि नायकाचे, दोन्ही नावे वाचताना कोकणी माणसाला घरचीच वाटावीत. वरून ओळख पटावी म्हणून नौकांचा वरचा भाग पिवळा रंगवला होता. तरीही खुलन्याजवळ आकाशात आलेल्या आपल्याच विमानांनी त्यांना शत्रू समजून हल्ला केला. ही हवाई दलाची विमाने होती, ‘विक्रांत’वरची नव्हेत. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ बुडाल्या, ‘पनवेल’ वाचली. ‘पलाश’च्या इंजिनरूममध्ये काम करणारे मोहम्मद रुहुल अमीन या दिवशी मृत्युमुखी पडले. बांगलादेशाने त्यांना ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च शौर्य सन्मान दिला. सामंत यांना महावीर चक्र मिळाले.

वैमानिकाला दोष देणे सोपे आहे. पण वेगाने जाणाऱ्या विमानातून खाली दिसते ती नदीवरची एक काळी रेघ. नौका आपली की परकी, हे ठरवायला त्याच्याकडे काही सेकंद असतात. म्हणूनच पायदळाजवळ बॉम्ब टाकायचे असतील तर खाली, जवानांबरोबर, रेडिओ घेऊन बसलेला एक माणूस लागतो. वैमानिकाला ‘इथे नको, तिथे’ असे सांगणारा. तो दुवा तुटला, निरोप वेळेवर पोहोचला नाही, की पिवळा रंगही कामाला येत नाही. नौका समुद्रात, विमान आकाशात, जवान चिखलात, आणि या तिघांचे मुख्यालय तीन ठिकाणी. बॉम्बच्या वजनापेक्षा या तिघांचे आपसांतले बोलणे अधिक मोलाचे ठरते.

जुनी ‘विक्रांत’ आता नाही. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ साली भंगारात निघाली. तिचे नाव घेऊन देशातच बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झाली. १६ डिसेंबरला विजय दिवस साजरा करताना आपण कॉक्स बाजार आणि चितगावची नावे घेतो, ती घ्यायलाच हवीत. त्यांच्या जोडीने ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ ही नावेही घ्यावीत. त्या नौकांवरचे बंगाली खलाशी आपल्याच बाजूने लढत होते, आणि त्यांचा देश मोकळा व्हायला तेव्हा फक्त सहा दिवस उरले होते.